‘रॅम खाणे’ : एका मापाची चिकित्सा

संगणक सुरू होऊन स्थिर झाला आहे, त्यावर अद्याप कोणतेही काम काढलेले नाही, अशा क्षणी त्याच्या संचालन-प्रणालीने, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिने, किती स्मृती व्यापलेली असते, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. व्यवहारात तो ‘ही सिस्टिम किती रॅम खाते?’ अशा शब्दांत विचारला जातो आणि उत्तरादाखल मेगाबाइटांचा एक आकडा पुढे केला जातो. त्या एका आकड्यावरून एक प्रणाली ‘हलकी’ व दुसरी ‘जड’ ठरते. यंत्र ठेवावयाचे की मोडीत काढावयाचे, याचाही निर्णय पुष्कळदा त्यावरच होतो. प्रस्तुत लेखात या आकड्याची चिकित्सा करावयाची आहे. आकडा खोटा असतो, असे आमचे म्हणणे नाही. तो नेमका कशाचा आहे हे सांगितले जात नाही. आणि ते सांगितल्यावाचून दोन प्रणालींची तुलना करणे म्हणजे एका गावच्या पायलीने मोजलेले धान्य दुसऱ्या गावच्या पायलीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

या विवेचनाला निमित्त घडले ते वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या इंझोरी या गावी. तेथील एका परिचिताच्या घरी दोन गिगाबाइट स्मृतीचा एक जुना संगणक आहे. त्यावर विंडोज १० ही प्रणाली होती. मायक्रोसॉफ्टने तिला दिला जाणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ची किमान अपेक्षाच चार गिगाबाइट स्मृतीची आहे. तेव्हा यंत्र भंगारात द्यावे, की त्यावर लिनक्सची एखादी आवृत्ती बसवावी, असा विचार घरात चालला होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने लिनक्सच्या तीन आवृत्त्या पेनड्राइव्हवरून पाळीपाळीने चालवून, प्रत्येकीने सुरुवातीला व्यापलेल्या स्मृतीचा आकडा एका कागदावर मांडला होता. कागद आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, ‘‘काका, सगळ्यात कमी खाणारी हीच ना? मग हीच टाकतो.’’ आम्हांला होय म्हणवले नाही. आणि नाही म्हणण्याची कारणे उभ्या उभ्या सांगता आली नाहीत. ती येथे मांडीत आहोत.

प्रथम ‘खाणे’ या क्रियापदाचाच विचार करणे अवश्य आहे. खाल्लेली वस्तू परत मिळत नाही, हा या क्रियापदाचा गाभा होय. ‘सिस्टिम रॅम खाते’ असे म्हटले की तेवढी स्मृती गेली, आता ती आपल्या कामी येणार नाही, असा अर्थ आपोआप ध्वनित होतो. एके काळी हा अर्थ बहुतांशी खराही होता. १९८१ साली आलेल्या आय. बी. एम. पी. सी. मधील ८०८८ हा प्रक्रियक एकंदर एक मेगाबाइट स्मृतिस्थानांनाच पत्ते देऊ शकत असे. त्यांपैकी वरची ३८४ किलोबाइट जागा पडदा व अन्य उपकरणे यांसाठी राखलेली असल्यामुळे कार्यक्रमांच्या वाट्याला ६४० किलोबाइट उरत. डॉस या प्रणालीत सुरुवातीलाच जे या ६४० किलोबाइटांत येऊन बसे, ते सहसा यंत्र बंद होईपर्यंत तेथून हलत नसे. १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीने स्वतःचा बराचसा भाग पहिल्या मेगाबाइटच्या लगत वर असलेल्या सुमारे ६४ किलोबाइटांच्या पट्ट्यात हलविण्याची सोय केली, ती याच अडचणीपोटी. त्या काळी सुरुवातीचा आकडा पाहून उरलेल्या जागेचा हिशेब करणारा मनुष्य अगदी योग्य हिशेब करीत होता.

या टंचाईची एक साक्ष आपल्या घरचीच आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये भारतीय लिप्यांसाठी जे काम सुरू झाले होते, ते पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने पुढे गेले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या खाचेत बसवावयाचे एक स्वतंत्र कार्ड होते. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या कार्यक्रमांतून देवनागरी व इतर भारतीय लिप्या पडद्यावर उमटविण्याचे काम ते करी. लिपीचा भार मुख्य स्मृतीवर न टाकता तो कार्डाने वाहावा, ही योजना आजच्या विद्यार्थ्यास विचित्र वाटेल. परंतु ज्या यंत्रात एकेक किलोबाइट कायमचा खर्ची पडत होता, तेथे मराठीला बसावयास वेगळा पाट मांडणे हाच शहाणपणा होता. या कामातून पुष्ट झालेली ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आणखी मागे गेले तर ‘खाणे’ हे क्रियापदच नाहीसे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६० साली कार्यान्वित झालेला व १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले तो संगणक घ्या. त्याची फेराइट-कोअर स्मृती २,०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ती १०,२४० बाइटांची भरते. आज ज्या अर्थी आपण संचालन-प्रणाली म्हणतो तसे काही या यंत्रावर नव्हते. यंत्रापाशी बसलेला गणिती आणि ते २,०४८ शब्द यांच्यामध्ये तिसरे कोणी नसल्यामुळे कोणी किती खाल्ले हा प्रश्नच उद्भवत नसे. प्रणाली नावाचा तिसरा पक्ष मध्ये आला तेव्हाच हा तंटा सुरू झाला, असे म्हणता येईल.

तो पक्ष आला तोही लहान वाटा घेऊन नव्हे. युनिक्स ही प्रणाली १९७०–७१ च्या सुमारास ज्या पी. डी. पी.-११ यंत्रावर नेली गेली, त्याची एकंदर स्मृती २४ किलोबाइट होती. डेनिस रिची यांनी नमूद केल्याप्रमाणे त्यांतील १६ किलोबाइट प्रणालीकडे व ८ किलोबाइट उपयोगकर्त्यांच्या कार्यक्रमांकडे असत. म्हणजे तीनांत दोन हिस्से प्रणालीचे! आज दोन गिगाबाइटांच्या यंत्रावर एखाद्या प्रणालीने तृतीयांश स्मृती व्यापलेली दिसली तर तिला आपण अधाशी म्हणतो. आणि जिच्या काटकसरीचे गोडवे गाइले जातात त्या युनिक्सचा वाटा प्रारंभी याच्या दुप्पट होता.

निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली सडपातळ सॉफ्टवेअरची कैफियत मांडणारा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याची या संदर्भात आठवण होते. यंत्रे जितक्या वेगाने जलद होत आहेत त्यापेक्षा अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत आहे, हा त्यांचा सिद्धान्त. त्याचे श्रेय ते स्वतः मार्टिन रायझर यांना देतात. पंचवीस वर्षांपूर्वी संचालन-प्रणालीला ८,००० बाइटांत भागवावे लागत असे, याचेही स्मरण त्यांनी करून दिले आहे. विर्थ हे नुसते तक्रार करणारे टीकाकार नव्हते. युर्ग गुटक्नेख्ट यांच्या सहकार्याने ओबेरॉन ही लहान व स्वयंपूर्ण प्रणाली घडवून त्यांनी आपल्या म्हणण्याला पुरावा दिला होता. अनावश्यक गुणांचा सोस हे मेदवृद्धीचे मूळ होय, हे त्यांचे निदान आम्हांस मान्य आहे. परंतु बाइटांच्या दोन संख्या शेजारी ठेवून ऱ्हास सिद्ध करण्याची त्यांची रीत मात्र पटत नाही. त्या ८,००० बाइटांच्या प्रणालीला जाळे, चित्रमय पडदा, शेकडो प्रकारची उपकरणे वा जगातील लिप्या यांपैकी कशाचीच खबर नव्हती. काय मागितले होते हे न सांगता किती लागले एवढेच सांगणारी तुलना अर्धीच असते. आणि विर्थ यांच्यासारख्या काटेकोर लेखकाच्या हातूनही ती अर्धीच राहिली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. डॉसनंतरच्या प्रणालींत स्मृतीचा कारभार मुळापासून निराळा आहे. १९६२ साली मँचेस्टर येथे सुरू झालेल्या ॲटलस यंत्रात प्रथम प्रत्यक्षात आलेली आभासी स्मृतीची कल्पना आज सर्वत्र रूढ आहे. स्मृती सारख्या आकाराच्या पानांत विभागलेली असते. नेहमीच्या यंत्रांवर एक पान ४,०९६ बाइटांचे असते. कोणते पान कोणाकडे आहे याची नोंद प्रणाली ठेवते आणि गरजेप्रमाणे ती पाने एकाकडून काढून दुसऱ्याकडे देते. या पानांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. काही पाने अशी असतात की त्यांतील मजकूर डिस्कवर जसाच्या तसा आहे: कार्यक्रमांच्या फाइली, लायब्रऱ्या, टंक, नुकत्याच वाचलेल्या फाइली. अशी पाने प्रणालीने कोणत्याही क्षणी टाकून दिली तरी काही बिघडत नाही. लागतील तेव्हा पुन्हा वाचता येतात. दुसरी पाने अशी की चालू कार्यक्रमांनी त्यांत स्वतः काही लिहिले आहे व ते अन्यत्र कोठेही नाही. ती टाकून देता येत नाहीत. हलवावयाची तर आधी डिस्कवरील स्वॅप नावाच्या जागेत लिहून ठेवावी लागतात किंवा दाबून लहान करावी लागतात. वऱ्हाडातील जुन्या घराची कल्पना केली तर पहिला वर्ग ओसरीवर बसलेल्या मंडळींचा आहे, दुसरा माजघरात राहणाऱ्यांचा. ओसरी गजबजलेली आहे म्हणून घरात जागा नाही, असे कोणी म्हणत नाही.

प्रणाली सुरू होताना डिस्कवरून पुष्कळ वाचन होते आणि वाचलेली पाने प्रणाली मुद्दाम जवळ ठेवते, कारण स्मृती रिकामी ठेवून तिचा काही लाभ नसतो. म्हणजे सुरुवातीला ‘व्यापलेल्या’ स्मृतीत ओसरीवरची ही मंडळी मोजली की नाही, यावर आकडा सर्वस्वी अवलंबून राहतो. आणि येथेच इंझोरीच्या त्या कागदाचा घोटाळा आहे.

लिनक्सवर हा आकडा बहुधा ‘फ्री’ या आज्ञेने पाहिला जातो. तिच्या उत्तरात ‘यूज्ड’ असा एक रकाना असतो. मुलाने तोच उतरून घेतला होता. परंतु या एकाच रकान्याचा अर्थ कालांतराने तीनदा निरनिराळा झाला आहे. जुन्या आवृत्त्यांत एकूण स्मृतीतून केवळ रिकामी स्मृती वजा केली जाई; म्हणजे ओसरीवरची सारी मंडळी घरच्यांत मोजली जात. २०१४ च्या सुमारास ती रीत बदलली आणि फाइलींच्या पानांचा साठाही वजा होऊ लागला. अलीकडच्या आवृत्त्यांत एकूण स्मृतीतून ‘अव्हेलेबल’, म्हणजे नव्या कामास प्रत्यक्ष मिळू शकेल अशी स्मृती, वजा करतात. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एकूण स्मृती १,९०० मेगाबाइट आहे. त्यांतील ५२० पूर्ण रिकामी, ९०० फाइलींच्या पानांनी व तत्सम साठ्यांनी व्यापलेली, आणि नव्या कामास मिळू शकेल अशी १,२५० आहे. पहिल्या रीतीने ‘यूज्ड’ १,३८० येते, दुसऱ्या रीतीने ४८०, तिसऱ्या रीतीने ६५०. यंत्र तेच, क्षण तोच, आज्ञा तीच, उत्तरे तीन. तीन आवृत्त्यांबरोबर या आज्ञेच्या तीन पिढ्या आल्या असतील, तर त्या कागदावर तीन प्रणालींची नव्हे, तीन व्याख्यांची तुलना झाली असण्याचा संभव आहे. मराठीत ‘खाते’ हे क्रियापदही आहे आणि नामही. येथे क्रियापद सोडून नामाकडे वळणे, म्हणजे कोणत्या खात्यात काय मांडले आहे ते आधी तपासणे, हिताचे ठरते.

वरील उदाहरणात चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल की रिकामी ५२० व साठ्यातील ९०० मिळून १,४२० होतात, तरी मिळू शकणारी स्मृती १,२५० च धरली आहे. ही तूट चुकून आलेली नाही. साठ्याच्या रकान्यात दिसणारी सर्वच पाने टाकून देण्याजोगी नसतात. डिस्कच्या आधाराशिवाय केवळ स्मृतीतच नांदणाऱ्या तात्पुरत्या फाइली व प्रक्रियांनी आपसांत वाटून घेतलेली काही पाने तेथेच मांडली जातात. ओसरीवर बसलेल्यांतही काही जण घरचेच निघतात, तसे. लिनक्सच्या कर्नलने हा अंदाज स्वतः करून ‘अव्हेलेबल’ या नावाने देण्यास सुरुवात केली ती २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून. त्यापूर्वी प्रत्येकाने तो आपापल्या बुद्धीने करावा, अशी स्थिती होती. पेनड्राइव्हवरून प्रणाली चालविली असता तर हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण अशा वेळी प्रणाली जे जे नव्याने लिहिते ते सामान्यतः स्मृतीतच साठते. डिस्कवर रीतसर बसविलेल्या प्रणालीचे वर्तन त्यावरून ताडता येत नाही.

हे सर्व ऐकून एक पक्ष उलट टोकाला जातो. ‘न वापरलेली स्मृती ही वाया गेलेली स्मृती होय’ असे सूत्र हा पक्ष सांगतो आणि सुरुवातीच्या आकड्याची चौकशी करणाऱ्यास अडाणी ठरवितो. विंडोज व्हिस्टाने २००७ साली, पुढे लागणाऱ्या फाइली आधीच आणून ठेवण्याचा क्रम धडाक्याने सुरू केला, तेव्हापासून हे सूत्र विशेष ऐकू येते. ओसरीपुरते ते खरे आहे. माजघरापुरते ते निखालस चूक आहे. पडद्यामागे बसून राहणारे सेवाकार्यक्रम, नवी आवृत्ती आली का हे पाहणारे पहारेकरी, फाइलींची सूची करीत राहणारे शोधक, हे सर्व स्वतः लिहिलेली पाने धरून बसतात. सोळा गिगाबाइटांच्या यंत्रावर त्यांचा उपद्रव जाणवत नाही. दोन गिगाबाइटांच्या यंत्रावर ब्राउझर उघडताच त्यांना स्वॅपमध्ये ढकलावे लागते, आणि डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल तर यंत्र मिनिटभर घुटमळत राहते. सूत्राचे कर्ते बहुधा सोळा गिगाबाइटांपाशी बसून बोलत असतात, असा आमचा समज आहे. ज्याच्याजवळ दोनच आहेत त्याच्या शंकेत त्यांच्या सूत्रापेक्षा अधिक तथ्य आहे. त्याचा प्रश्न चुकलेला नाही, केवळ माप चुकले आहे: किती व्यापले, हे न विचारता जे व्यापले त्यातील किती मागता परत मिळणार नाही, हे विचारावयास हवे.

आकड्यात आणखीही काही पाणी मिसळलेले असते. कर्नल प्रत्येक पानाची नोंद ठेवतो, आणि ६४-बिट लिनक्सवर ही नोंद सामान्यतः दर पानामागे ६४ बाइटांची असते. दोन गिगाबाइटांत ५,२४,२८८ पाने होतात. त्यांच्या नोंदींसाठीच ३२ मेगाबाइट लागतात. म्हणजे टिफ्रॅकच्या समग्र स्मृतीच्या सुमारे ३,२७७ पट जागा आज केवळ जागेचा हिशेब ठेवण्यास खर्ची पडते! आठ गिगाबाइटांच्या यंत्रावर हीच नोंद १२८ मेगाबाइटांची होते. तीच प्रणाली मोठ्या यंत्रावर अधिक जड दिसण्याचे हे एक कारण आहे, आणि एकाच्या यंत्रावरील आकडा दुसऱ्याने आपल्या यंत्रासाठी प्रमाण मानू नये याचेही. मुख्य स्मृतीतून चित्रयंत्रणेसाठी राखलेला भाग तर प्रणालीच्या नजरेसही पडत नाही. दोन गिगाबाइटांचे यंत्र स्वतःस त्याहून कमी का म्हणवून घेते, याचा उलगडा यातच आहे.

प्रक्रियांची बेरीज करून आकडा काढणारे निराळ्याच खड्ड्यात पडतात. समजा सहा मेगाबाइटांची एक लायब्ररी तीन कार्यक्रम वापरीत आहेत. स्मृतीत ती एकदाच असते. परंतु प्रत्येक कार्यक्रमाच्या नावे ती स्वतंत्र मोजल्यास बेरजेत अठरा मेगाबाइट येतात. सामायिक विहिरीचे पाणी तिन्ही भावांनी आपापल्या सातबाऱ्यावर पूर्ण दाखविण्याचाच हा प्रकार. लिनक्सने २००८ साली यावर तोड काढली: सामायिक पानांची वाटणी वापरणाऱ्यांत समप्रमाणात करावयाची, म्हणजे प्रत्येकाच्या नावे दोन मेगाबाइट. या वाटणीच्या मापास पी. एस. एस. म्हणतात. ते काढण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून लोकप्रिय कोष्टकांत ते क्वचितच आढळते. आणि ‘सुरुवात’ म्हणजे कोणता क्षण, हा प्रश्न उरतोच. नाव-परवलीचा पडदा आला तो, मेजपट दिसला तो, की त्यानंतर पाच मिनिटांनी पहारेकरी कामास लागले तो? मोजण्यासाठी उघडलेली खिडकीही स्वतः काही स्मृती घेते, हे मोजणाऱ्याच्या सहसा ध्यानी राहत नाही.

आता त्या प्रश्नाकडे, जो मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो. प्रणाली हलकी करावयाची म्हणजे तिच्यातून काहीतरी वगळावयाचे; आणि वगळण्याच्या यादीत भारतीय लिप्या लवकर येतात. अतिशय लहान लिनक्स आवृत्त्यांच्या मूळ संचात देवनागरीचा टंक सहसा नसतो. अशा यंत्रावर मराठी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी चौकोनांची रांग दिसते. ‘पण आकडा पाहा केवढासा आहे’ असे त्यावर ऐकविले जाते. देवनागरीचा भार तरी किती, हे मग मोजून पाहू. ‘इंझोरी’ हे नाव घ्या. इ, अनुस्वार, झ, ओकाराची मात्रा, र, दीर्घ ईकार अशी त्यात सहा चिन्हे आहेत. इस्की पद्धतीत ती सहा बाइटांत मावत. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या यू. टी. एफ.-८ रूपात प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळे अठरा होतात. तिप्पट झाले, हे खरे. तथापि एका पानात, म्हणजे ४,०९६ बाइटांत, हे नाव अठरा बाइटांनी लिहूनही २२७ वेळा मावते. एक संपूर्ण मराठी कादंबरी देखील आजच्या स्मृतीच्या मानाने क्षुल्लक ठरावी. राहिला टंक व अक्षरे जुळविणारी यंत्रणा. टंकाची फाइल डिस्कवर असते व तिची पाने केवळ वाचली जातात. म्हणजे ती मुख्यतः ओसरीवरच्या वर्गात मोडते, मागताच उठणारी. जुळणी करणारी लायब्ररीही कार्यक्रम आपसांत वाटून घेतात. जिस्ट कार्डाच्या काळी लिपीला निराळे बसविण्यास सबळ कारण होते, कारण तेव्हा जागा एकदा गेली की गेलीच. आज त्या कारणाचा मागमूस उरलेला नसताना जुने क्रियापद मात्र टिकून आहे, आणि त्याच्या जोरावर मराठीला दाराबाहेर ठेवले जाते. सी-डॅकने २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांचा आधार मूळ संचातच देते. तिच्या इतर गुणदोषांविषयी मतभेद होऊ शकतील. पण तिचा सुरुवातीचा आकडा अशा लिपीहीन आवृत्तीच्या आकड्याशेजारी मांडून तिला जड म्हणणे, हा तिच्यावर अन्याय होय.

मग मोजावे तरी काय? पीटर डेनिंग यांनी १९६८ साली ‘वर्किंग सेट’ची, म्हणजे एखादे काम नजीकच्या काळात ज्या पानांना प्रत्यक्ष हात लावते त्या पानांच्या संचाची, कल्पना मांडली. आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. इंझोरीतील त्या घरी संगणकावर होणारी कामे ठराविक आहेत: एखादा अर्ज भरणे, मराठीत पत्र वा टिपणे लिहिणे, परीक्षेच्या दिवसांत काही पाहणे. त्या कामांचा संच आणि प्रणालीची परत न मिळणारी पाने यांची बेरीज जोवर दोन गिगाबाइटांच्या आत राहते, तोवर सुरुवातीचा आकडा ४८० असो वा ६५०, यंत्राच्या चालीत काडीचा फरक पडणार नाही. ती मर्यादा ओलांडली गेली की मग मात्र प्रत्येक मेगाबाइट बोलू लागतो. स्मृती दाबून ठेवणारी झेडरॅम ही सोय, जी लिनक्सच्या मुख्य प्रवाहात २०१४ साली आली, ती ही मर्यादा काही अंशी पुढे ढकलते. पण तिच्यामुळे ‘व्यापलेली’ या शब्दाचा अर्थ आणखी एकदा ढळतो, हेही सांगितले पाहिजे.

ग्रामीण भागापुरती एक गोष्ट जाताजाता नमूद करतो. वीज गेली की स्मृतीतील सर्व काही पुसले जाते, ओसरीवरची पाने सुद्धा. शहरातील प्रयोगशाळेत आठवडाभर न विझणाऱ्या यंत्राला साठ्याचा जो लाभ मिळतो, तो दिवसातून दोनदा नव्याने सुरू होणाऱ्या यंत्राला मिळत नाही. त्याला प्रत्येक वेळी सारे डिस्कवरून पुन्हा वाचावे लागते. तेथे प्रारंभीचा क्षण खरोखरच महत्त्वाचा असतो, पण मोजावयाचे ते स्मृतीच्या मेगाबाइटांत नव्हे, डिस्कवरून वाचलेल्या मेगाबाइटांत व घड्याळाच्या सेकंदांत.

पुढे त्या मुलाशी दूरध्वनीवर बोलणे झाले तेव्हा त्यास आम्ही मोजणी नव्याने करावयास सांगितली. तिन्ही आवृत्त्या डिस्कवर बसवून. मेजपट दिसल्यावर प्रत्येक वेळी सारखीच मिनिटे थांबून. ‘यूज्ड’ सोडून ‘अव्हेलेबल’ उतरून घेऊन. आणि मग ब्राउझरमध्ये एक मराठी पान उघडून, स्वॅपमध्ये किती गेले तेही पाहून. कागदावर आणखी एक रकाना आखण्यास सुचविले: गावाचे नाव पडद्यावर नीट उमटते की नाही. त्याने तसे केले. तीनपैकी एका ओळीत त्या रकान्यात त्याला ‘नाही’ असे लिहावे लागले, आणि पहिल्या कागदावर सर्वांत लहान आकडा त्याच ओळीतला होता.